घरात काय सांगू?

पत्र

ताई, मी ४१ वर्षांचा आहे. पुण्यात हिंजवडीला एका मोठ्या आयटी कंपनीत ११ वर्षं झाली. घर कोल्हापुरात, साने गुरुजी वसाहतीत. आठवड्यातले तीन दिवस पुण्याला ऑफिसात असतो, बाकी घरून काम. गेल्या दोन महिन्यांपासून कंपनी माणसं कमी करतेय. आमच्या टीममधल्या दोघांना शुक्रवारी संध्याकाळी एचआरनं मीटिंगला बोलावलं आणि सोमवारी चॅटमध्ये त्यांची नावं करडी पडलेली दिसली. माझा प्रोजेक्ट सप्टेंबरात संपतोय, पुढचा अजून ठरलेला नाही. रोज पहाटे तीनला जाग येते. हॉलमध्ये जाऊन लॅपटॉप उघडतो, मेल बघतो. काही आलेलं नसतं, तरी झोप लागत नाही. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला आणि आईला कशाला घोर लावायचा? घराचा हप्ता ३४ हजार आहे, दोन मुलं शाळेत आहेत, आईला बीपी आणि शुगर आहे. एफडी आणि खात्यातले मिळून जवळ ४ लाख ६० हजार असतील. ही भीती घालवायला काय करू?
– एक कोल्हापूरकर

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय भीती घालवायला काय करू. माझं मन मात्र त्याच्या आधीच्या एका ओळीत अडकलं: बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

निवृत्त होण्याआधी मी २६ वर्षं कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात होते. आता त्यालाच एचआर म्हणतात. ज्या टेबलाची तुम्हाला धास्ती वाटते, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसलेली आहे. २००८ च्या अखेरीला जगभर मंदी आली आणि काही महिन्यांत तिची झळ आपल्या फाउंड्र्यांपर्यंत पोचली. मी होते त्या कारखान्यात आधी ले-ऑफ झाला. तेव्हा या शब्दाचा अर्थ वेगळा होता. काम नाही म्हणून काही दिवस घरी बसायचं, अर्धा पगार घ्यायचा आणि ऑर्डर आली की परत कामावर यायचं. कायद्यात आजही ले-ऑफचा अर्थ तोच आहे. तुम्ही ज्याला लेऑफ म्हणता ती कपात. ती आमच्याकडे नंतर झाली, आणि १४ जणांची पत्रं मला द्यावी लागली.

त्यातला एक कोअर शॉपमधला, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसणारे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातला माणूस, सोळा वर्षांची नोकरी. त्यानं पत्र वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात चुन्याच्या डबीमागं नीट सरकवलं. भांडला नाही, कारण विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "मॅडम, घरात काय सांगू ओ?" मला उत्तर सुचलं नाही. "सांगा, ऑर्डरी नाहीत म्हणून," असं काहीतरी मी पुटपुटले.

त्यानं घरात सांगितलंच नाही. एका पतसंस्थेतून पैसे उचलले आणि दोन महिने सात तारखेला 'पगार' म्हणून बायकोच्या हातात ठेवले. तिसऱ्या महिन्यात वसुलीचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा तिला कळलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. हातात पोराची शाळेची वही. वहीच्या मागच्या पानावर तिनं लिहून आणलं होतं: पीएफ किती, ग्रॅच्युइटी कधी, शिल्लक रजेचे पैसे, बोनस. एकेक करून तिनं सगळं विचारलं, मी सांगितलेले आकडे लिहून घेतले. जाताना नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "मला तवाच सांगितलं असतं तर भिशी उचलली असती की. व्याजाचं पैसं कशाला घ्यायला लागलं असतं?"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. त्या घराला नोकरी जाण्याचा फटका बसायचा तो बसलाच. पण पतसंस्थेचं व्याज, ते दोन महिने आणि बायकोच्या मनात पडलेली गाठ, हे सगळं न सांगण्यामुळं आलं.

तुम्ही कुणाकडून पैसे उचललेले नाहीत. पण मुद्दल तेच आहे. पहाटे तीनला तुम्ही उठून हॉलमध्ये जाता आणि तुमच्या बायकोला त्याचा पत्ता नाही, असं खरंच वाटतं तुम्हाला? शेजारचं माणूस उठून गेलेलं झोपेतही कळतं. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कधीच समजलंय. काय ते कळत नाही म्हणून त्या मनात भलतंच काही धरून बसल्या असतील. दुखणं, कर्ज, आणखी काय काय. खरं कारण त्यापेक्षा नक्की हलकं निघेल. घोर लागू नये म्हणून तुम्ही गप्प बसलात, आणि घोर तर लागलेलाच आहे, तोही नाव नसलेला.

आईंची गोष्ट वेगळी. त्यांना आत्ता सांगू नका. त्यांच्या हातात करण्यासारखं काही नाही, नुसता रक्तदाब वाढेल. मात्र नोकरी गेलीच, तर त्याच आठवड्यात त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. शेजारणीकडून कळलं तर ते दुःख वेगळं असतं.

आता भीतीबद्दल. "काही होत नाही हो, तुम्ही हुशार आहात" असं मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यांत मोठ्या आयटी कंपनीनं सुमारे १२ हजार लोक, म्हणजे एकूण माणसांच्या साधारण २ टक्के, कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यातही रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. तुम्ही त्याच फळीतले. शिवाय प्रोजेक्ट संपत आलाय. तुमच्या भीतीला कारण आहे, तुम्ही मनानं कमजोर झालात म्हणून ती आलेली नाही.

मात्र एक गोष्ट टेबलाच्या पलीकडून बघितलेली सांगते. यादी करताना आधी वरून आकडा येतो: पगारखर्च इतका खाली आणा. मग त्या आकड्यासाठी नावं शोधली जातात. कुठलं काम संपतंय, कुणाचा पगार जास्त, कोण कुठल्या साहेबाच्या हाताखाली. कामचुकार माणसं त्यात असतात, आणि सोन्यासारखे कारागीरही असतात. आमच्या १४ जणांत एक पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने घडवणारा कारागीर, होता. आठ महिन्यांनी काम वाढलं तेव्हा त्याला परत बोलवायला मी स्वतः मंगळवार पेठेत त्याच्या घरी गेले होते. तो आला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. ती यादी त्याच्या हातातल्या कसबाबद्दल काहीच सांगत नव्हती, हे मला यादी करतानाही माहीत होतं. तुमचं नाव उद्या कुठल्या यादीत आलं, तर कृपा करून त्यात स्वतःची किंमत शोधू नका.

पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर सकाळी उठल्यावर पहिलं काय विचारतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, पोरासोरांनाही पाठ असतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं आपण बघितलं. राधानगरी धरणाचे सात दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, ते कुणाला विचारत नाहीत. नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं त्या दरवाजांची चिंता करत रात्रभर जागत नाहीत. पाणी कुठवर आलं की गाठोडी बांधायची, कुणी म्हाताऱ्यांना आधी न्यायचं, हे त्यांचं ठरलेलं असतं. धरण फुटल्याच्या अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत असतात तेव्हाही जाणती माणसं बंधाऱ्याचा आकडाच विचारतात.

तुमच्याकडे बंधाऱ्याचा आकडा नाही. म्हणून तुम्ही पहाटे तीनला मेल बघता. तो आकडा आपण काढू.

नोकरी गेली असं धरा. पुण्याची खोली आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याच दिवशी बंद. राहिलं काय? हप्ता ३४ हजार. बाकीचे आकडे तुम्ही लिहिलेले नाहीत, म्हणून मी अंदाजानं धरते: घरखर्च २५ हजार, शाळेचे महिन्याला ८ हजार, आईंची औषधं आणि विमा ५ हजार. एकूण ७२ हजार. तुमच्याकडे ४ लाख ६० हजार आहेत. भागून बघा, सहा महिने निघतात आणि वर थोडे उरतात. यात ग्रॅच्युइटी धरलेली नाही. पाच वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला ती मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. मूळ पगार ४० हजार धरला तर तुमचे ११ वर्षांचे अडीच लाखांच्या वर होतात. म्हणजे आणखी साडेतीन महिने. पीएफला मी हात लावलेला नाही, तुम्हीही लावू नका.

साडेनऊ महिने. पहाटे तीनला तुम्हाला वाटतं की सोमवारी नाव करडं झालं की मंगळवारी घर रस्त्यावर. तसं नाही. खरे आकडे घालून हा हिशोब बायकोबरोबर बसून करा. माझ्या २५ हजारांच्या जागी त्या १९ लिहितील किंवा ३१, त्यांना जास्त कळतं.

मग दोघांनी दोन पातळ्या ठरवा. माझ्या मते चार महिन्यांचा खर्च शिल्लक राहील ती इशारा पातळी. तिथं पोचलात की कमी पगाराचं कामसुद्धा घ्यायला सुरुवात. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यांनाही संगणकाचं काम जाणणारी माणसं लागतात. पुण्याचा पगार मिळणार नाही, हे खरं. दोन महिन्यांचा खर्च राहील ती धोका पातळी. तिथं गाडी विकायची का, सोनं ठेवायचं का, भावाकडे शब्द टाकायचा का, हे आज कागदावर लिहून ठेवा. त्या वेळी डोकं चालत नाही, म्हणून आज. आणि हप्त्याबाबत एक: अडचण दिसली की हप्ता थकण्याआधी बँकेत जा आणि मुदत वाढवून मागा. थकल्यावर गेलेल्या माणसाशी बँकेचं बोलणं वेगळं असतं. हातात आहेत ते पैसे कर्जात भरून टाकायचा मोह होईल. या घडीला नको, रोख जवळ असू दे.

विम्याचं या महिन्यात बघा. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नवीन घेतली तर आधीपासूनच्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि आईंचं बीपी-शुगर त्यातच येतं. ती मुदत जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. प्रस्तावात त्यांचे आजार लपवू नका.

आता तो शुक्रवार. बोलावणं आलंच, तर खोलीत बहुतेक दोन माणसं असतील, आवाज मऊ असेल, आणि समोर कागद येईल: राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ, आजच सही झाली तर बरं. हे मऊ बोलणं मीही केलेलं आहे. तिथल्या तिथं सही करू नका. "मला मेलवर पाठवा, वाचून दोन दिवसांत कळवतो," एवढंच म्हणा. वाद नको, आवाज चढवू नका, फक्त सही नको. कारण राजीनामा दिला की ती कपात राहत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण जुन्या कायद्यातलं मुख्य कलम त्यातही आहे: वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. तुम्ही त्या 'कामगार' शब्दात बसता का, यावर वाद होतो. पत्रावर मॅनेजर लिहिलंय यानं तो मिटत नाही. प्रत्यक्षात तुम्ही माणसं सांभाळता की स्वतः बसून कोड लिहिता, हे बघितलं जातं. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला नेमणूकपत्र दाखवून आत्ताच एकदा विचारून ठेवा. एका भेटीची फी जाईल, पण त्या खोलीत बसाल तेव्हा पाठ ताठ राहील. कामावरून गेल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही नव्या वेतन संहितेत आहे.

पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूकपत्र, वार्षिक मूल्यमापनाची पत्रं, सगळं या शनिवारी स्वतःच्या खासगी मेलवर उतरवून घ्या. नाव करडं झालं की लॅपटॉपही बंद होतो. पीएफच्या खात्याला कंपनीचा नाही, स्वतःचा मोबाईल नंबर जोडलेला आहे का बघा. मात्र कंपनीचा कोड, ग्राहकाची माहिती यातलं काहीही स्वतःला पाठवू नका, एक फाईलसुद्धा नाही. त्याच कारणावरून काढलं तर हिशोबच वेगळा होतो.

आणि नवीन काम शोधायला नाव करडं होण्याची वाट बघू नका. जुन्या सहकाऱ्यांना फोन करा, आठवड्याला दोघांना, त्याहून जास्त नको. पहिल्याच फोनवर नोकरी मागू नका, काय चाललंय ते विचारा, आपलं सांगा. माझ्या बघण्यात बहुतेकांना दुसरं काम अशा ओळखीतून मिळालं. ज्या दोघांची नावं गेली, त्यांना फोन केलात का? पत्रात तसं काही लिहिलेलं नाही. माणसं अशा वेळी भीतीनं फोन करत नाहीत, जणू ते दुखणं लागट आहे. आधी त्यांना करा. त्यांना बरं वाटेल, आणि पुढं काय घडतं, पैसे कधी आले, काय विचारलं, हे तुम्हाला त्यांच्याकडून जितकं खरं कळेल तितकं कुठल्या ग्रुपवर कळणार नाही.

पहाटे तीनचं काय करायचं? लॅपटॉप रात्री दहाला बंद करून कपाटात, आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. एचआर पहाटे तीनला मेल पाठवत नाही. जाग आलीच तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठा, पाणी प्या, वहीत मनात आलेलं लिहा आणि वही मिटून ठेवा. त्याचा विचार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, अर्धा तास, बायकोबरोबर. रंकाळा तुमच्या घरापासून लांब नाही, चालता चालता बोला. घरात आईंसमोर हा विषय निघणार नाही हा त्यात आणखी एक फायदा.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप परत आली नाही, छातीत धडधडायला लागलं, जेवण जाईना, तर डॉक्टरकडे जा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा मानसिक त्रासात मदतीसाठीचा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि जगून काय करायचं असा विचार एकदा जरी मनाला शिवला, तर त्याच क्षणी हा नंबर लावा आणि बायकोला उठवा, रात्रीचे कितीही वाजले असोत.

ऑफिसात मात्र घाबरून रात्री बारापर्यंत बसू नका. यादी करताना रात्री कोण बसतं हे मी एकदाही बघितलेलं नाही. सप्टेंबरनंतरच्या कामाबद्दल साहेबांना सरळ विचारा: "माझं पुढचं काम कुठं ठरतंय? मी कुठल्या टीमकडे बोलू?" उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे, फोन वाढवा.

राहिला तुमच्या पत्रातला तो खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत आणि जो त्या दिवशी मला विचारला गेला होता. सोळा-सतरा वर्षं मी त्याचं उत्तर शोधतेय, म्हणून शब्दच लिहून देते. शनिवारी रात्री मुलं आणि आई झोपल्यावर, टीव्ही बंद करून, वही समोर घेऊन म्हणा: "कंपनीत माणसं कमी करताहेत. माझं नाव अजून नाही, पण येऊ शकतं. मला भीती वाटतेय, रात्री झोप लागत नाही. पैसे किती दिवस पुरतील ते मला तुझ्याबरोबर बसून बघायचंय." मग थांबा. त्या रडतील, चिडतील, "इतके दिवस का नाही सांगितलंस?" म्हणतील. म्हणू दे. स्वतःची बाजू मांडत बसू नका. पेन त्यांच्या हातात द्या आणि घरखर्चाचा आकडा त्यांना लिहू दे.

काय झालं ते मला कळवा. मी वाट बघेन.